डावखुरी मुरड

आमच्या घरात 'स्टार्टर' हा शब्द माझ्या धाकट्या दिराने, अविनाशने आणला. त्याआधी आमच्याकडे पाहुण्यांना नाश्ता द्यायची पद्धत होती आणि तो नाश्ता मी करत होते.

सासू-सासऱ्यांच्या लग्नाला डिसेंबरात पन्नास वर्षं होणार होती. खामगावच्या घराच्या गच्चीवर मंडप टाकायचा, नातेवाईक आणि सासऱ्यांच्या बियाण्याच्या दुकानातली जुनी माणसं बोलवायची, असं ठरलं. आचारी सांगून झाला. राहिलं ते माणसं गच्चीवर आल्या आल्या त्यांच्या हातात द्यायचं काहीतरी खारं. त्यात ठरवण्यासारखं काय आहे, असं मला वाटत होतं. तुरीच्या शेंगा भरल्या होत्या. त्यातल्या ओल्या दाण्यांना आमच्याकडे सोले म्हणतात, आणि सोल्यांच्या करंज्या मी मनातल्या मनात तळायलाही घेतल्या होत्या. तेवढ्यात अविनाश म्हणाला की स्टार्टर त्याची बायको, डिंपल, करणार आहे, एकदम सोपं असतं, ओव्हनमध्ये ठेवलं की झालं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "करू दे तिले."

झालं. अठरा वर्षं ज्या घराच्या प्रत्येक कार्यात माझ्या करंज्या वाटल्या गेल्या, त्या घराने मला तीन शब्दांत मोडीत काढलं. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

आता माझ्या करंजीबद्दल सांगते, कारण कुणी सांगणार नाही. माझी करंजी साट्याची असते. मैद्याच्या तीन पातळ पोळ्या लाटायच्या, तूप आणि कॉर्नफ्लॉवर फेसून केलेला साटा प्रत्येकीवर हाताने सारवायचा, एकीवर एक ठेवून घट्ट वळकटी करायची, तिचे तुकडे पाडायचे आणि ते तुकडे उभे दाबून पुन्हा लाटायचे. तेलात पडली की करंजी पान पान सुटते. आत सोले, हिरवी मिरची, लसूण, थोडी बडीशेप. सकाळी बसलं तर दुपार होते आणि खांदे भरून येतात. त्याला सोपं म्हणायची कुणाची हिंमत नाही.

पण खरी गोष्ट कडेची. करंजीची कड बोटांनी दुमडत नेतात, ती मुरड. आमच्याकडच्या बाया उजव्या टोकापासून सुरू करतात आणि डावीकडे जातात. मी डाव्या टोकापासून उजवीकडे जाते. माझी आई, देऊळघाटची गोजरबाई, डावखुरी होती. तिच्याकडे पाहून मी शिकले, त्यामुळे हात उजवा असूनही माझी मुरड तिच्याच वाटेने जाते. घड्या अगदी बारीक, शेजारी शेजारी. तेलात माझी करंजी कधी उघडली नाही. आईने मला लग्नात फारसं काही दिलं नाही, द्यायला नव्हतंच. ही मुरड दिली आणि चार वर्षांनी आई गेली.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी या घरात करंज्या केल्या. सासूबाईंनी एक उचलली, उजेडात धरून फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "उलटी मुरड हाय व माय तुही." करंजी खाली ठेवली आणि दुसऱ्या कामाला लागल्या. चांगली म्हणाल्या नाहीत, वाईट म्हणाल्या नाहीत. त्यानंतर इतक्या वर्षांत माझ्या हाताबद्दल त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही. दरवर्षी डबे भरून त्यांच्या माहेरी जायचे, नणंदेकडे जायचे, मलकापूरला आतेसासूंकडे, वच्छलाबाईंकडे जायचे. तिकडून फोन यायचे, फार छान झाल्या म्हणून. सासूबाई फोनवर नुसतं हो हो म्हणायच्या. मी पीठ मळता मळता कान देऊन ऐकायची, की आता तरी माझं नाव घेतील. नाही घेतलं.

आणि डिंपल येऊन अडीच वर्षं झालेली. मलकापूरची. वरच्या मजल्यावर राहते, घरूनच कुठल्यातरी कंपनीचं काम करते, केस मोकळे सोडून स्वयंपाक करते. पोर वाईट नाही. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

नमुना म्हणून तिने एका संध्याकाळी ताटभर काहीतरी खाली आणलं. बेकरीतून खारीच्या तयार कच्च्या पोळ्या विकत आणायच्या, त्यांचे चौकोन कापायचे, आत मटार-बटाटा भरायचा, दुमडून काट्याच्या चमच्याने कडा दाबायच्या, वरून दूध लावायचं आणि भाजायचं. सगळ्यात अवघड काम बेकरीवाल्याने केलेलं. हे मी मनात म्हटलं आणि एक तुकडा तोंडात टाकला. खरं बोलायचं तर चांगला होता. कुरकुरीत, हलका, हाताला तेल नाही. मला त्याचाच राग आला.

आमच्या ह्यांनी चार खाल्ले. हे म्हणजे ज्ञानेश्वर, ज्यांना माझ्या करंज्यांनी गेली कित्येक वर्षं ॲसिडिटी होते. सासऱ्यांनी तीन घेतले. सासूबाईंनी एक खाल्ला, मग आणखी एक घेतला, आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बरं केलं पोरी." अडीच वर्षांपूर्वी आलेल्या सुनेला एका संध्याकाळी जे मिळालं, ते मला अठरा वर्षांत मिळालं नव्हतं.  मी हसून छान म्हटलं आणि ताटातल्या उरलेल्या चौकोनांमध्ये खोट शोधायला लागले.

खोट सापडली. निम्म्या चौकोनांच्या कडा भाजताना उघडल्या होत्या आणि मटार बाहेर येऊन करपले होते. काट्याने दाबलेली कड फुगल्यावर सुटणारच. डिंपललाही ते दिसत होतं. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि तिने विचारलं, "ताई, कड काऊन उघडून राह्यली असंन?"

मला उत्तर माहीत होतं. ते माझ्या बोटांत होतं. मी म्हटलं, "ओव्हनचं मले काय समजते व."

सासूबाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी ताट उचलून आत गेले. माझी आई माझ्याकडे एवढंच ठेवून गेली होती, ते मी मलकापूरच्या ओव्हनला कशाला देऊ?

त्यानंतर सुरू झालं ते फार वाईट होतं. सासूबाई दुपारी वर जायला लागल्या.

सासूबाईंचे गुडघे गेलेले आहेत. देवळाची पायरी चढायची तर माझा खांदा लागतो. त्या सासूबाई जेवण झालं की कठड्याला धरून एक एक पायरी वर जायच्या आणि चहाच्या वेळेला खाली यायच्या. कुठे जाता विचारलं तर म्हणायच्या, तिच्या टीव्हीवर चित्र मोठं दिसते. खालून मला टीव्हीचा आवाज येत नव्हता. हसण्याचा येत होता. माझ्या स्वयंपाकघरात त्या कधी पाच मिनिटं बसल्या नाहीत. दारात उभं राहायचं, चौकटीला टेकून पाहायचं आणि निघून जायचं. मला नेहमी वाटायचं की त्या चुका शोधायला येतात, म्हणून दारात सावली पडली की माझे हात आणखी भरभर चालायचे.

एकदा त्या खाली आल्या तेव्हा त्यांच्या बांगड्यांना मैदा लागला होता. मी पाहिला आणि चहा गाळत राहिले. ह्या वयात, त्या गुडघ्यांनी, वर जाऊन त्या धाकट्या सुनेला मैदा लाटून देत होत्या. रात्री मी ह्यांना म्हटलं की तुमच्या आईला एकच सून आहे, दुसरी बाई पगारी आहे. ते म्हणाले, तुझ्या डोक्यात काय चालू असतं काही कळत नाही. कूस वळवली आणि झोपले.

मग मी ठरवलं. मला कुणी सांगितलं नाही तर नाही, करंज्या मी करणारच. तिची ताटं टेबलावर येतील, शेजारी माझी परात येईल. माणसांना जीभ असते. कुणाचं आधी संपतं ते सगळ्यांना दिसेल, सासूबाईंनाही दिसेल, आणि त्यांना माझं नाव घ्यावं लागेल. मला एवढंच पाहिजे होतं. एकदा, चार माणसांत, माझं नाव.

कार्यक्रमाच्या दिवशी मी पहाटेच उठून सोले वाटले. दार लोटून घेतलं. आज चौकटीत कुणी उभं राहायला नको होतं आणि कुणी राहिलंही नाही, सासूबाई कालपासून वरच होत्या. मी साटा सारवला, वळकट्या केल्या, लाटल्या, भरल्या. मुरड घालताना आई आठवते नेहमी, त्या दिवशी नाही आठवली. त्या दिवशी प्रत्येक घडीला मला डिंपलचे मोकळे केस आठवत होते. तरी करंज्या सुरेख झाल्या. परात भरली, वर धुतलेलं पांढरं फडकं टाकलं.

संध्याकाळी गच्चीवर दिव्यांच्या माळा लागल्या. सासरे नवीन जाकिटात, सासूबाई जांभळ्या पैठणीत, दोघं खुर्च्यांवर बसवलेली. माणसं येऊ लागली. मी परात नेऊन टेबलाच्या मधोमध ठेवली. अविनाशच्या कपाळाला आठी पडली, पण त्याची बोलायची टाप नव्हती. तेवढ्यात डिंपल खालून ताट घेऊन आली.

चौकोन नव्हते. अर्धचंद्र होते. भाजून सोनेरी झालेले, टम्म फुगलेले, आणि एकही उघडलेला नव्हता. तिने ताट माझ्या परातीशेजारी ठेवलं आणि माझी परात पाहून म्हणाली, बरं झालं ताई, मला कमी पडतील अशी धास्ती होती. तिच्या बोलण्यात खोच नव्हती. मी खोच शोधली, नव्हती.

मी टेबलापासून हलले नाही. कोण कशाला हात घालतो ते पाहत राहिले. दुकानातले जुने रंगराव माझ्या परातीकडे आले तेव्हा बरं वाटलं. बायका तिच्या ताटाकडे जास्त जात होत्या, तेल नाही म्हणून. पोरं दोन्हीकडून उचलत होती. सासूबाईंकडे बशी गेली ती डिंपलच्या ताटातून गेली. तेही मी पाहिलं.

तेवढ्यात मलकापूरच्या वच्छलाबाई आल्या. सासऱ्यांची बहीण, आमची आतेसासू, दर दिवाळीला माझा डबा खाणारी. त्यांनी डिंपलच्या ताटातली एक उचलली, अर्धी खाल्ली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाल्या, "पुष्पा, यंदा भाजल्या व्हय? काही कर, तुहा हात दुरून ओळखू येते."

त्यांनाही माझीच परात दिसली नाही, म्हणून मला रडू यायचं बाकी होतं. मी म्हटलं, "त्या माह्या नाहीत. डिंपलच्या आहेत."

"काहीतरीच सांगतं," त्या म्हणाल्या आणि हातातली अर्धी करंजी माझ्यासमोर धरली. "मुरड तर तुही हाय."

मी ती हातात घेतली. दिव्याखाली धरली. मुरड डाव्या टोकापासून सुरू होऊन उजवीकडे गेली होती. बारीक घड्या, शेजारी शेजारी. मी ताटातली दुसरी उचलली, तिसरी उचलली. सगळ्यांवर माझ्या आईचा हात होता.

मला काय झालं ते सांगते. मला आनंद झाला नाही. घरात चोरी झाल्यावर होतं तसं झालं. माझ्याकडची एकच वस्तू, आणि ती ह्या मुलीने शंभर माणसांत ताटावर मांडली होती. डिंपल जिन्याशी पाण्याचे ग्लास भरत होती. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि ही मुरड कुठून आणली म्हणून विचारलं. माझा आवाज तिला नेहमीचा वाटला नसावा. ती घाबरली. म्हणाली, आईंनी शिकवली, रोज दुपारी बसून शिकवली, उजवीकडून घातली की उसवायला लावायच्या. म्हणाल्या, आपल्या घरची मुरड अशी असते.

आपल्या घरची. मी तशीच सासूबाईंकडे गेले. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, सासरे कुणाला तरी भेटायला उठले होते. मी बसले आणि ताटातून उचललेली अख्खी करंजी त्यांच्या मांडीवरच्या बशीत ठेवली. आई, ही माझ्या आईची मुरड आहे, असं म्हटलं. त्या म्हणाल्या की त्यांना माहीत आहे.

"तुम्ही तं उलटी म्हटलं होतं," मी म्हटलं.

"उलटीच हाय. पण उघडत नाही." त्यांनी करंजी उचलून कडेवरून बोट फिरवलं. "माह्या करंज्या जलमभर तेलात उघडल्या. तू आली तवापासून दारात उभी राहून पाहून राह्यली मी. पाहून पाहून शिकली. पोरीनं तुले विचारलं तवा तू सांगितलं नाही, म्हणून मी सांगितलं."

मंडपात कुणीतरी फोटोसाठी हाका मारत होतं.  इतकी वर्षं मी ज्या सावलीला चुका शोधणारी समजत होते, ती शिकायला येऊन उभी राहत होती. आणि तरी एकदा म्हणून बोलली नाही. माझा राग गेला नाही, त्याने फक्त जागा बदलली. मी म्हटलं, "मले विचारलं काऊन नाही? मी नाही म्हटलं असतं का?"

"सासू होती मी," त्या म्हणाल्या. "तुह्याजवळ पाट मांडून बसू का?" मग थोडं थांबून, बशीकडे पाहत म्हणाल्या, "एक अजून जमत नाही. शेवटची घडी तू अंगठ्याखाली घेतं. तिथं काय करतं ते दिसतच नाही. माही तिथं सुटते."

मी त्यांच्या हातातली करंजी घेऊन पाहिली. खरंच, उजव्या टोकाला बारीकशी भेग होती. लांबून दिसत नव्हती, मला दिसली. आईची शेवटची घडी मागे वळून आत खोचलेली असते, आणि ते करताना अंगठा वर येतो, म्हणून समोरच्याला कधी दिसत नाही. आतापर्यंत ती खोच एकट्या माझ्याकडे होती. आताही होती. क्षणभर मला त्याचं फार बरं वाटलं. इथेच थांबले असते तर डिंपलच्या करंजीत आणि माझ्या करंजीत तेवढा फरक कायमचा राहिला असता.

फोटो झाला. ताट रिकामं झालं होतं आणि माझ्या परातीत पाच-सहाच उरल्या होत्या. कुणाचं आधी संपलं ते मी पाहायचं विसरले. डिंपल दुसरा घाणा भाजायला खाली निघाली. सासूबाई पैठणीचा पदर खोचून उठल्या आणि माझ्यापुढे हात केला. मी खांदा दिला. आम्ही दोघी एक एक पायरी उतरून डिंपलच्या स्वयंपाकघरात आलो.

ओट्यावर कच्च्या पाऱ्यांचं ताट होतं. सासूबाईंना मी स्टुलावर बसवलं. डिंपल ओव्हनपाशी उभी होती, जवळ यावं की नाही ह्या विचारात. मी तिला ये म्हटलं नाही. तेवढं मन माझं अजून मोठं झालेलं नव्हतं. मी एक पारी घेतली, सारण भरलं, अर्धी दुमडली आणि डाव्या टोकापासून सुरुवात केली. सासूबाई वाकून पाहत होत्या, चष्मा नाकावर घसरलेला. एवढ्या जवळून त्यांनी माझे हात कधी पाहिले नव्हते.

शेवटच्या घडीला आले तेव्हा मागे पावलं वाजली. डिंपल माझ्या खांद्यामागे येऊन उभी राहिली होती. तिचा श्वास मला कानाशी लागत होता.

मी हात तिथेच थांबवला. मग अंगठा बाजूला घेतला आणि घडी हळूच आत खोचली.